दोन पेले पाणी आणि स्वादुपिंड

नमस्कार श्रोतेहो. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी जायचं, हे तुम्हाला माहीतच आहे. पण तपासणी अर्ध्यावर आली की कधी कधी डॉक्टर पाणी प्यायला देतात. ते कशासाठी?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आजी आल्या. हातातल्या पिशवीत तीन रिपोर्ट. दुखणं वरच्या पोटात, कळ थेट पाठीत जायची. तिन्ही रिपोर्टांत एकच ओळ: गॅसमुळे स्वादुपिंड दिसले नाही. तीही इंग्रजीत. स्वादुपिंड म्हणजे जठरामागची, पाचकरस बनवणारी ग्रंथी. रिपोर्ट मराठीतूनही द्यायला हवा, हे माझं ठाम मत आहे. दुखणं ज्याचं, त्याला ते वाचता आलं पाहिजे.

मी प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण, ठेवला, तर मलाही नुसतं धुकं. मग यकृत आणि पित्ताशय आधी पाहून घेतलं आणि आजींना उठवून बसवलं. उकळून गार केलेलं पाणी, साधारण अर्धा लिटर, नळीने हळूहळू प्यायला दिलं. आजी म्हणाल्या, "अगं बाई, रात्रीपासून घोटभर दिलं नाहीत, नि आता तांब्याभर पाजता?" पण प्यायल्या. बुडबुडे विरेपर्यंत दहा मिनिटं थांबलो. बसलेल्या स्थितीतच पुन्हा प्रोब ठेवला. जठर पाण्याने भरून काळंभोर दिसत होतं आणि त्याच्या मागे स्वच्छ स्वादुपिंड! त्याच्या नळीत एक खडा, खड्यामागे सावली. मी पडदा आजींकडे वळवला. "एवढासा?" त्या म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांना पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं.

कारण साधं आहे. ध्वनिलहरी हवेवरून परत फिरतात, पाण्यातून मात्र आरपार जातात. पोटावर जेल लावतात तेही मधली हवा घालवायलाच. पुन्हा सांगते: हवा अडवते, पाणी वाट देतं. बसलं की जठरातली हवा वर जाते, पाणी खाली स्वादुपिंडासमोर राहतं. उकळलेल्या पाण्यात विरघळलेली हवा कमी, आणि नळीने प्यायलं की हवाही कमी गिळली जाते.

लहान आतडं पाहायचं तर साधं पाणी पुरत नाही, ते वाटेतच शोषलं जातं. तिथे पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा आतड्यात शोषला न जाणारा पदार्थ मिसळलेलं पाणी देतात. अमेरिकेत १९९८ साली खास सोनोग्राफीसाठी सेल्युलोजचं पेयही मंजूर झालं होतं.

घरून मात्र स्वतःहून पाणी पिऊन निघू नका. सोडा तर नकोच, त्याने गॅस वाढतो. उपाशीच जा. पाणी कधी द्यायचं ते तपासणारे डॉक्टर ठरवतील. उलट्या होत असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर तसं आधी सांगा. आणि रिपोर्टात "स्वादुपिंड दिसले नाही" असं आलं, तर विचारा, पाणी पाजून पुन्हा बघता येईल का? नमस्कार.