वहीतलं नाशिक

[पहाट. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या. पाण्यात उतरणारी पावलं. दूर कुठेतरी बादलीचा आवाज.]

नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाही. तो म्हणतो गंगा. 'गंगेवर जाऊन येतो' म्हणाला की स्वारी इकडे निघाली समजायचं. बुधवार असेल तर हातात पिशवीही असणार, कारण बुधवारी घाटावर बाजार भरतो.

आज बुधवारच आहे. पुण्याहून माझा आतेभाऊ आलाय. बँकेत आहे, सुट्टी एकच मिळाली, रात्री परतीची बस. फोनवर म्हणाला, "एका दिवसात सगळं नाशिक दाखव." सातबारा मागावा तसं.

सगळं कुणालाच दाखवता येत नाही. मग मी आधीच गाळायला बसलो. द्राक्षांच्या बागा आणि वायनरी गाळल्या, त्या तो मित्रांबरोबर बघेलच. सोमेश्वरचा धबधबा गाळला, जानेवारीत त्याला पाणी किती असणार! सीतागुंफेबाहेर रांग होती. उरलं ते हे.

[दुतोंड्या मारुती. कॅमेरा पायांपासून वर सरकतो.]

हा दुतोंड्या मारुती. नदीच्या पात्रातच उभा. देव तर आहेच, पण पावसाळ्यात हा शहराचा सरकारमान्य नसलेला मोजमाप अधिकारी असतो. बातम्या क्युसेकमध्ये बोलतात. नाशिककर एकच विचारतो, "मारुतीच्या कुठं लागलं?" गुडघ्याला म्हणजे फारसं काही नाही. कमरेला लागलं की घाटावरचे टपरीवाले सामान उचलायला लागतात. छातीला आलं की भांडी बाजार आणि सराफ बाजारातली माणसं दुकानातला खालचा माल वर चढवतात. गळ्याला आलं की पुलांवर गर्दी जमते. पोलीस हाकलतात, लोक जात नाहीत.

त्याच्याही वरची खूण समोरच्या नारोशंकराच्या देवळात आहे. 10 सप्टेंबर 1969 च्या पुराची गोष्ट इथल्या घराघरात सांगतात, आणि ती सांगणारा प्रत्येक जण घंटेपर्यंत येतोच. पाणी घंटेला लागलं, म्हणजे पुढे बोलायला नको.

[नारोशंकराची घंटा. जवळून. धातूवरचे उठावाचे आकडे.]

घंटा नीट बघा. देवळाची वाटत नाही, कारण देवळासाठी ओतलेलीच नाही. तिच्यावर 1721 असं साल आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या लुटीत ही घंटा मराठ्यांकडे आली. सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी 1747 मध्ये हे रामेश्वराचं देऊळ बांधलं आणि तिला इथं टांगलं. देवळाचं खरं नाव रामेश्वर, पण ते कुणी घेत नाही. बांधणाऱ्याचं नाव देवाला चिकटलं.

आतेभाऊ म्हणाला, "म्हणजे चर्चची घंटा शंकरापुढे?"

मी म्हटलं, "आणि आता पुराची पट्टी."

[घाटाकडची एक जुनी ओवरी. लाल फडक्यात बांधलेल्या लांबट वह्यांची उतरंड.]

या वह्यांसाठी मी त्याला इतक्या पहाटे उठवलं होतं. तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. अस्थी घेऊन, श्राद्धाला किंवा सिंहस्थात, म्हणजे इथल्या कुंभमेळ्यात, जो जो आला, त्याची नोंद गावानुसार होते. आमचं घराणं मूळचं खानदेशातलं. नाशिक रोडला आजोबा आले ते प्रेसमध्ये लागले म्हणून. इथं 'प्रेस' म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. प्रेस म्हणजे नोटा आणि तिकिटं छापणारा सरकारी कारखाना. सिक्युरिटी प्रेस 1925 ची, करन्सी नोट प्रेस 1928 ची. अर्धं नाशिक रोड त्यांच्या भोंग्यावर मोठं झालं.

गुरुजींनी विचारलं, "गाव?"

आतेभाऊ म्हणाला, "पुणे. कोथरूड."

"हल्लीचा पत्ता नको हो. मूळ गाव सांगा. मामांच्या घरचं बघताय ना?"

मी तालुका सांगितला, गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. गुरुजींनी उतरंडीतली तिसरी वही ओढली, दोरी सोडली, अंगठ्याला थुंकी न लावता पानं उलटली. "थुंकी लावली की कागद जातो," हे त्यांनी न विचारता सांगितलं. चार-पाच मिनिटं गेली असतील. ऑनलाइन सातबारा काढायला मला याहून जास्त वेळ लागलाय.

[वहीचं पान. पिवळट कागद. निळी शाई.]

शके 1854. पणजोबा. सही नाही, अंगठा. शाई जरा जास्त झालेली, पण मधल्या रेषा अजून मोजता येतील अशा. त्याच्या खाली शके 1880, म्हणजे 1958. त्याच पणजोबांच्या अस्थी घेऊन आलेले आजोबा. टाकाने केलेली सही, शेवटच्या अक्षरावर टाक अडखळून पडलेला थेंब, आणि पुढे 'हल्ली मु. नाशिक रोड, प्रेस'. आजोबांची सही मी रेशनकार्डावर पाहिली होती. ती म्हातारी सही होती. ही तरण्या माणसाची, लफ्फेदार.

खाली मुलांची नावं. मोठे काका, मधले काका, माझे वडील. तीन.

आतेभावाने पान उलटून पाहिलं. मागे दुसऱ्या घराची नोंद होती. "आई?" त्याने विचारलं. 1958 मध्ये आत्या तीन वर्षांची होती.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "मुलींची नोंद सासरच्या गावात होते. ते गाव आमच्याकडे नाही."

मग त्यांनी बॉलपेनने आजची तिथी घातली आणि आम्हा दोघांची नावं लिहून घेतली. आम्ही सह्या केल्या. माझी सही आजोबांच्या सहीपुढे अगदीच बँकेच्या फॉर्मवरची दिसते.

[कपालेश्वराच्या पायऱ्या. बंद दाराचं गंगा-गोदावरी मंदिर.]

वर कपालेश्वर. महादेवाचं देऊळ, पण समोर नंदी नाही. कथा अशी की शंकराला लागलेलं ब्रह्महत्येचं पाप कुठं धुतलं जाईल हे एका गोऱ्ह्याने सांगितलं. म्हणजे तो गुरू झाला, आणि गुरूला समोर बसवून कसं घ्यायचं? खाली गंगा-गोदावरीचं देऊळ आहे, त्याचं दार बारा वर्षांतून एकदा, सिंहस्थातच उघडतं. पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय. शहरातले खोदलेले रस्ते पाहिले की कॅलेंडर बघायची गरज पडत नाही.

[काळाराम मंदिराचा कोट. काळा दगड. सकाळचं तिरपं ऊन.]

काळाराम. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीला बांधलेलं देऊळ, दगड रामशेज किल्ल्याच्या डोंगरातला. कळस, मंडप, ओवऱ्या, सगळं डोळ्यांत भरतं. पण इथं आल्यावर मी पाहुण्यांना आधी दारं दाखवतो.

2 मार्च 1930. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं शिस्तीत चालत या देवळाकडे आली. मागणी एवढीच, की आम्हालाही आत जाऊ द्या. दारं लावून घेतली. माणसं दारांसमोर बसून राहिली. एक दिवस नाही, एक महिना नाही. दादासाहेब गायकवाड, हे इथल्याच दिंडोरी तालुक्यातले, त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हा सत्याग्रह पुढे काही वर्षं चालवला. त्याच वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. आणि ऑक्टोबर 1935 मध्ये, याच जिल्ह्यातल्या येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्णय जाहीर केला.

दार आज उघडं आहे. चपला काढून कुणीही सरळ आत जातं. आतेभाऊ उंबऱ्याच्या अलीकडे जरा जास्तच वेळ थांबला. मी कॅमेरा बंद केला नाही, पण काही विचारलंही नाही.

[मिसळीची थाळी. रश्शावरची तर्री. पापड मोडल्याचा आवाज.]

आता मिसळ. पुणेकराला नाशिकची मिसळ खाऊ घालणं हे नाजूक काम आहे. इथला रस्सा काळ्या मसाल्याचा. मटकी, शेव, कांदा, लिंबू, दही, वर भाजलेला किंवा तळलेला पापड. पापड रश्शात मोडायचा की वेगळा खायचा यावर घराघरात मतभेद आहेत. मी मोडणाऱ्यांपैकी. पाव मागावा तितका मिळतो, रस्सा मागावा तितका मिळतो, फक्त रस्सावाला वाटी घेऊन मागे उभा राहिला की 'बस' म्हणायची हिंमत लागते.

आतेभावाने पहिला घास घेतला, पाणी प्यायला, दुसरा घेतला. "आमच्याकडे पोहे पण घालतात," म्हणाला. तेवढ्यावर थांबला, शहाणा आहे.

[भांडी बाजार. तांब्यावर पडणारे ठोके. पितळी घंगाळ्यात दिसणारी गल्ली.]

भांडी बाजारातून तिवंध्यापर्यंत पायीच गेलो. हा चौक आत्ता अगदी साधा दिसतोय. स्कूटर उभ्या आहेत. पण रंगपंचमीच्या आधी इथं खणायला लागलं की जमिनीखालून दगडी हौद निघतो. त्याला रहाड म्हणतात. जुन्या नाशकात अशा काही रहाडी आहेत, पेशवाईपासूनच्या सांगतात. वर्षभर बुजवलेल्या, एका दिवसासाठी उघडायच्या. प्रत्येकीचा रंग ठरलेला. त्यात जी धप्पकन उडी मारतात, तिचं नाव धप्पा. ज्याने नाशकात धप्पा मारला नाही त्याने रंगपंचमी खेळली नाही, असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

[दुपार. पांडवलेणीच्या पायऱ्या. धाप. मागे महामार्गाची घरघर.]

त्रिरश्मी डोंगर. पांडवांचा इथं काही संबंध नाही. ही 24 बौद्ध लेणी आहेत, आणि भिंतींवर जे लिहिलंय ते वाचलं की डोंगर बोलायला लागतो.

10 क्रमांकाचं लेणं. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने दिलेलं. व्हरांड्यात ब्राह्मीतला लेख आहे. आतेभावाला मी त्याचा अर्थ सांगायला लागलो आणि तो एकदम बँकेतला माणूस झाला.

लेख म्हणतो, 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. गोवर्धन, म्हणजे गंगापूरकडे जाताना आपण ज्या गावाची पाटी वाचतो ते. त्यातले 2000 महिना शेकडा एक दराने, 1000 महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण, चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी.

"थांब," आतेभाऊ म्हणाला. त्याने बोटं मोजली. "दोन हजारावर महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा..."

"दोनशे चाळीस."

"ताळा जमतो!" तो इतक्या जोरात म्हणाला की शाळेच्या सहलीतली पोरं वळून बघायला लागली.

ताळा जवळजवळ एकोणीसशे वर्षं जमतोय. आणि ही ठेव निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवली, फलकावर नोंदवली, हेही लेखातच आहे.

[3 क्रमांकाचं लेणं. दाराभोवतीची कोरीव चौकट. भिंतीवरची अक्षरं.]

थोडं पलीकडे 3 क्रमांकाचं लेणं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या क्षहरात घराण्याचा निःपात केला. इथून जवळ, जोगलटेंभीला, 1906 मध्ये नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलाय. जुना राजा खाली, नवा वर. खाली प्रेसमध्ये नोकरी केलेल्या माझ्या आजोबांना ही गोष्ट फार आवडायची.

पण हे लेणं त्याने दिलेलं नाही. नातू पुळुमावी याच्या 19 व्या राज्यवर्षी ते दिलं गौतमी बलश्रीने. राजाच्या आईने. मुलगा गेलाय, आणि आई दगडावर त्याची थोरवी लिहून घेतेय. ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. ज्याने आईच्या सेवेत खंड पडू दिला नाही. आणि मग स्वतःची ओळख: महाराजाची आई, महाराजाची आजी.

आतेभाऊ बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिला. त्यातलं एकही अक्षर त्याला वाचता येत नव्हतं. मलाही नाही, मी पाठ केलेलं सांगतो.

खाली उतरताना म्हणाला, "बस किती वाजता आहे?"

"साडेनऊ."

"गंगेवर परत जाता येईल?"

तो 'रामकुंड' म्हणाला नाही, 'गंगेवर' म्हणाला, हे मी तेव्हाच टिपलं.

[संध्याकाळ. घाटावर दिवे. बाजार उठतोय, उरलेली मेथी दहाला दोन जुड्या.]

गुरुजी वह्यांना फडकं बांधत होते. आतेभावाने चप्पल काढली आणि एका दमात सांगून टाकलं. गुरुजींनी ऐकून घेतलं. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. गाठ मारलेली दोरी पुन्हा सोडली, सकाळचं पान काढलं, तीन भावांच्या नावांपुढे किती जागा आहे ते बोटाने पाहिलं. जागा होती.

"नाव सांगा. माहेरचं लिहायचं की सासरचं?"

हा प्रश्न आम्हा दोघांनाही सुचला नव्हता. त्याने पुण्याला फोन लावला. आत्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, वही, आजोबांची सही, शेवटचा थेंब, आणि मग गुरुजींचा प्रश्न विचारला.

फोन कानाला लावून तो उभा राहिला. गुरुजींचं पेन पानावर टेकलेलं. पलीकडून काहीच ऐकू येईना. पाठीमागे आरती सुरू झाली होती.