दोन एल्क, दोन बीव्हर आणि दहा पौंड

निमंत्रणपत्रिकेत माझा विषय ‘कॅनडातील फारसा व्यापार’ असा छापलाय. तो ‘फरचा व्यापार’ आहे. ‘फारसा’ ऐकायला एवढी मंडळी जमली, याचंच मला कौतुक. (हशा)

सुरुवात मुंबईपासून करू. पोर्तुगीजांनी दुसऱ्या चार्ल्सला मुंबई आंदण दिली, हे आपल्याला शाळेपासून पाठ. 1668 मध्ये त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांच्या खंडानं दिली. तेवढ्यात आज दादरला गाडी लावून दाखवा! दोनच वर्षांनी, 2 मे 1670 ला, याच राजानं कॅनडातल्या हडसन उपसागरात उतरणाऱ्या सगळ्या नद्यांचं खोरं, म्हणजे आजच्या भारताहून मोठा मुलूख, दुसऱ्या एका कंपनीला, हडसन बे कंपनीला, बहाल केला. तिचा पहिला गव्हर्नर प्रिन्स रूपर्ट. इंग्रज त्याला ‘कझिन’ म्हणून मोकळे होतात. आपल्या हिशेबानं राजाचा सख्खा आतेभाऊ. खंड किती? राजा किंवा वारस तिकडे आलाच, तर दोन एल्क हरणं आणि दोन काळे बीव्हर. अडीचशे वर्षं हा खंड कुणी वसूलच केला नाही! 1970 मध्ये राणी एलिझाबेथ त्याच मुलखातल्या विनिपेगला गेली, तेव्हा कंपनीनं चक्क जिवंत बीव्हरांची जोडी पेश केली.

बीव्हर म्हणजे ओढ्याला बांध घालणारा, उंदराच्या कुळातला प्राणी. त्याच्या आतल्या मऊ लवेपासून युरोपात हॅटचं फेल्ट, म्हणजे केस दाबून केलेलं जाड कापड, होई. गंमत अशी, की नव्या कातड्यापेक्षा वापरलेल्याला भाव जास्त. कॅनडातल्या मूळ रहिवाशांनी वर्ष-दोन वर्षं अंगावर घातलं, की वरचे राठ केस झडून जात आणि अंगाच्या तेलानं लव मऊ होई. आपली बोहारीण जुनेर उलटसुलट करून नाक मुरडते. इथे बोहारीणच म्हणतेय, जुनं द्या, जास्त भांडी घ्या! 1634 मध्ये इन्नू या तिथल्या जमातीतला एक गृहस्थ फ्रेंच पाद्र्याला हसत सांगत होता, की इंग्रजांना अक्कल नाही, एका कातड्याला वीस सुऱ्या देतात.

माझं म्हणणं एवढंच, की गोऱ्यांनी मणी दाखवून तिथल्या भोळ्या लोकांना गंडवलं, अशी जी गोष्ट सांगतात, ती खोटी आहे. ते सौद्यात फसले नाहीत, कागदात...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, मूळ विषय आत्ता सुरू होतोय!

बरं, भराभर सांगतो. व्यापाऱ्यांच्या वाटेनं रोग आले. 1630 च्या दशकात वेंडाट ही तिथली जमात निम्म्यावर आली. डचांच्या बंदुका मिळालेल्या हौडेनोसौनींनी, म्हणजे इरोक्वा जमातींनी, 1649 मध्ये त्यांची गावं उधळली. 1781-82 मध्ये देवीची साथ हडसन उपसागरावरच्या ठाण्यांपर्यंत पोचली. हडसन बे आणि तिची प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट, या दोन कंपन्यांच्या चढाओढीत दारू वाहिली, बीव्हर संपत आले. 1821 मध्ये त्या एक झाल्या आणि कित्येक ठाणी बंद पडली.

तिथल्या बायकांचं राहिलंच. बर्फातले जोडे विणणं, पेमिकन म्हणजे सुकं मांस-चरबी कुटून शिदोरी करणं, दुभाषेपण, सगळं त्यांच्याकडे. थानाडेल्थर या डेने जमातीच्या स्त्रीनं 1715 च्या सुमारास आपल्या लोकांचा क्री या वैरी जमातीशी तह घडवला. गोऱ्या व्यापाऱ्यांनी या बायकांशी तिथल्या रीतीनं संसार थाटले. पुढे अनेकांनी विलायतेहून मेमसाहेब आणल्या. त्या पहिल्या संसारांतूनच मेटी हा मिश्र समाज उभा राहिला.

आता कागद. कंपनीनं तो सगळा मुलूख कॅनडाला 3 लाख पौंडांना विकला. तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. ऑक्टोबर 1869 मध्ये रेड नदीकाठी कॅनडा सरकारचे मोजणीवाले साखळी घेऊन एका मेटी शेतकऱ्याच्या रानात शिरले. मेटींचा तरुण पुढारी लुई रिएल आणि त्याचे सोबती आले आणि साखळीवर पाय देऊन उभे राहिले. मोजणीवाले साखळी गुंडाळून परत गेले.

पुढचं फार मोठं आहे, पण अध्यक्ष उठलेच आहेत.