मे महिन्यातला पाऊस आणि गडग्यामागचं पाणी

मंडळी, आजचा विषय आहे 'सरत्या वर्षाचा आढावा आणि करारपत्रातले बदल'. आपल्या कामांच्या करारपत्राकडे येतोच, पण आधी गडग्याबद्दल, म्हणजे कोकणातल्या दगडी कुंपणभिंतीबद्दल, बोलू द्या. २०२५ साली बागा आणि आवारं आखणाऱ्या आपल्यासारख्यांवर जे वाद ओढवले, त्यातल्या बऱ्याच वादांचं मूळ भिंतीमागे अडलेल्या पाण्यात आहे.

२५ मे रोजी मोसमी पाऊस देवगडपर्यंत आला आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. कोकणात आपण मातीकाम मेअखेरपर्यंत ताणतो. शेवटचा पंधरवडा भराव, लेव्हल आणि लाल माती पसरण्यासाठी राखलेला असतो. यंदा नेमकी तीच कामं उघडी सापडली. माती उतारावरून गटारात गेली आणि अर्धवट भिंती फुगल्या.

जुना गडगा का टिकतो? तो कोरडा रचलेला असतो. पाया रुंद, वर निमुळता, चिरे किंवा दगड एकमेकांत बसवलेले, मधल्या फटींतून पाणी आरपार. आता मालकाला 'फिनिशिंग' हवं असतं. फटींत गवत उगवतं, साप शिरतात, म्हणून सांधे सिमेंटने बुजवले जातात. बाहेरून तो गडगाच दिसतो, पण मागे मात्र धरण तयार होतं. दोन मीटर उंच भिंतीमागे पाणी पूर्ण तुंबलं, तर दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचा दाब साधारण दोन टन होतो. ओल्या मातीचा रेटा वेगळा. कोरड्या मातीच्या हिशोबाने बांधलेली भिंत हे कसं पेलणार?

सांधे भरायचेच असतील, तर तीन इंची पाईप दर दीड मीटरवर, पहिली ओळ जमिनीपासून वीतभर उंचीवर, वरच्या ओळीतले पाईप खालच्या दोन पाईपांच्या मधोमध येतील असे सरकवून, सगळ्यांना बाहेरच्या बाजूने उतार. मागे फूटभर रुंदीची ४० मिलीमीटर खडी, तळापासून जवळजवळ माथ्यापर्यंत. खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. खर्च वाचवायला ते गाळलं की लाल मातीचा गाळ दोन पावसाळ्यांत खडी बुजवतो आणि पाईप कोरडे राहतात. भिंत ढासळण्याआधीची खूण हीच: मुसळधार पाऊस चालू आहे आणि पाईपमधून थेंब नाही. गवंडी पाईपचं तोंड मसाल्याने बुजवतो, हेही नेहमीचं. म्हणून भराव टाकण्याआधी प्रत्येक पाईपमधून सळई आरपार घालून बघा. भरावही २०-२० सेंटिमीटरच्या थरांत, चोपून. ट्रक रिकामा केला म्हणजे भराव झाला असं नाही.

कातळावरच्या झाडांचंही हेच. मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा म्हणजे हजार लिटरची टाकी, आणि घट्ट कातळात तिला भोक नाही. त्यात पोयटा, शेणखत भरून कलम लावलं, की जुलैत मुळं कुजतात. ठेकेदार रोपाला दोष देतो, आपण रोपवाटिकेला. खड्डा पाण्याने भरून एक रात्र ठेवा. सकाळी पाणी जवळपास तेवढंच असेल, तर उताराच्या बाजूला चर फोडून त्यात खडी भरा, नाहीतर दीड-दोन फुटांचा उंचवटा करून त्यावर लावा. आणि जो सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, पावसाळ्यात 'सीतेची आसवं' या रानफुलांनी निळा होतो, त्यावर माती टाकून लॉन करायचं काम आलं तर नाही म्हणा, कळकळीने सांगतो. तिथली फुलं त्या दोन बोटं मातीवरच जगतात, आणि रत्नागिरी परिसरात त्याच सड्यांवर कातळशिल्पंही आहेत.

अध्यक्षांनी पाच मिनिटांची खूण केली आहे, तेव्हा करारपत्र भराभर सांगतो.

मातीकामाची शेवटची तारीख १५ मे. त्यानंतर उघडा उतार ठेवायचा नाही, उरलेलं काम ऑक्टोबरात. पाण्याचा निचरा बीओक्यूमध्ये, म्हणजे कामांच्या परिमाण-यादीत, स्वतंत्र बाब: पाईप नगावर, खडी घनमीटरवर, जिओटेक्स्टाईल चौरस मीटरवर. 'भिंतीच्या दरात समाविष्ट' असं लिहिलं की पहिली काटछाट तिथेच होते. भरावाआधीची तपासणी आपल्या सहीने आणि फोटोसह, त्याशिवाय भिंतीचं बिल पास नाही. झाडांच्या देखभालीची मुदत एक अख्खा पावसाळा आणि त्यापाठचा अख्खा उन्हाळा, ठेकेदाराची रोखलेली रक्कम त्यानंतरच सोडायची. पावसाळ्यातल्या साइट-भेटींची फी वेगळी, कारण पाणी कुठे तुंबतं ते तेव्हाच दिसतं.

मसुदा मागच्या टेबलावर आहे. दुरुस्त्या समासात लिहून जेवणाच्या सुट्टीआधी द्या, दुपारच्या सत्रात तो मताला टाकायचा आहे.