शंभरातले सतरा पैसे

नमस्कार मंडळी. आज मला मुंबई महापालिकेच्या बजेटबद्दल बोलायचंय, आणि लगेच आवाज कमी करू नका, कारण विषय बजेटचा असला तरी तो रात्री दहानंतर स्टेशनबाहेर, पुलाखाली, दुकानांच्या बंद शटरसमोर अंथरूण टाकणाऱ्या माणसांचा आहे.

२०२५-२६ चं आपल्या महापालिकेचं बजेट होतं ७४,४२७ कोटी रुपयांचं. अख्ख्या गोवा राज्याच्या बजेटच्या दुपटीहून जास्त. देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका आपली, ह्याच पैशातून कोस्टल रोड झाला, तेरा हजार कोटींच्या वर गेला त्याचा खर्च. रस्ता झाला, चांगलं झालं, मी त्याच्या विरोधात बोलायला इथं बसलेली नाहीये. मला एवढंच विचारायचंय की जे शहर समुद्रात भराव टाकून रस्ता बांधू शकतं त्याला शंभर माणसांना झोपायला एक हॉल, दोन-चार संडास, दोन मोऱ्या आणि सामान ठेवायला कपाट, असं दर लाख वस्तीमागे एक, एवढं का जमत नाही.

दर लाखामागे एक हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये हं. २००९ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत ऐन थंडीत एक निवारा पाडला गेला, रस्त्यावर माणसं गारठून मेल्याच्या बातम्या आल्या, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये कोर्टाने सांगितलं की मोठ्या शहरांनी दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा द्यायचा, तोही चोवीस तास, बारा महिने, फक्त थंडीपुरता तंबू नाही. मग २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात केंद्राने त्याची योजना केली, शहरी बेघरांसाठी निवारा, त्यात माणशी ५० चौरस फूट जागा धरली. आता मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे सव्वाशे निवारे पाहिजेत. आज त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. आणि जे आहेत त्यातले बरेच संस्थांच्या जिवावर चालतात, त्या कार्यकर्त्यांचं करावं तेवढं कौतुक थोडं आहे, पण शहराचं काम संस्थांनी वर्गणी गोळा करून किती दिवस ओढायचं.

आता माझ्याबरोबर एक हिशोब करा, सोपा आहे. समजा शंभर माणसांचा एक निवारा चालवायला वर्षाला एक कोटी लागले, पगार, वीज, पाणी, साफसफाई, जेवण, डॉक्टरची फेरी सगळं धरून. हा आकडा मी मुद्दाम सढळ हाताने धरलाय. सव्वाशे निवाऱ्यांचे झाले सव्वाशे कोटी. ७४,४२७ कोटींत सव्वाशे कोटी म्हणजे शंभर रुपयांतले सतरा पैसे. इमारतीचा खर्च वेगळा, मान्य, पण तो एकदाच करायचा असतो आणि पालिकेच्या कितीतरी रिकाम्या पडलेल्या इमारती, बंद झालेल्या शाळांचे मजले आपण सगळेच येता जाता बघतो.

मग अडतं कुठं. मला विचाराल तर पहिली अडचण ही की बेघरांचा खर्च हा आपला खर्च आहे असं पालिकेला कधी वाटलंच नाही. ती केंद्राची योजना, पैसे केंद्र आणि राज्य देणार, आले तर करू, नाही आले तर फाईल पुढच्या वर्षी. रस्ते, नाले, दिवे यांचे पैसे कोणी दिल्लीहून येण्याची वाट बघत नाही ना, मग ह्यांचेच का. त्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं बजेट प्रशासकानेच मांडलं, प्रशासकानेच मंजूर केलं, सभागृहात उभं राहून माझ्या वॉर्डात निवारा का नाही असं विचारायलाही कोणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नगरसेवक असतानासुद्धा हा प्रश्न फार कमी जणांनी विचारला, कारण निवारा म्हटलं की आजूबाजूच्या सोसायट्यांची सह्यांची मोहीम आधी निघते, आणि मत देतात सोसायट्या.

दुसरी अडचण जागेची, म्हणजे निवारा नेमका कुठं बांधायचा ह्याची. दादरच्या फुलबाजाराबाहेर एक बाई गजरे करून विकतात, माझी त्यांच्याशी ओळख झालीय. पहाटे बाजार उघडायच्या आधी उठतात, मोगरा आला की वजनावर घेतात, भिंतीला टेकून बसतात आणि गजरे ओवत राहतात, बोटं इतक्या झपाट्याने चालतात की दोरा दिसतच नाही. सगळा संसार एका निळ्या ताडपत्रीत गुंडाळून रेलिंगला बांधलेला, वर सुतळीच्या चार गाठी. पालिकेची गाडी आली की पहिली तीच ताडपत्री उचलतात, त्यात रेशनकार्ड, आधार, पोराचा शाळेचा दाखला, सगळं जातं, आणि मग तीच पालिका विचारते तुम्ही इथले असल्याचा पुरावा काय. अंघोळीचे पैसे वेगळे, संडासचे वेगळे, पाण्याच्या कॅनचे वेगळे, फुटपाथवर राहणं फुकट असतं हा आपला गैरसमज आहे. मी त्यांना निवाऱ्याचं विचारलं तर म्हणाल्या, "ताई, लांब पाठवलं तर पहाटे फुलं कोण घेणार? आणि तिथं पोराला माझ्याजवळ झोपू देत नाहीत, तो मोठा झालाय म्हणे." पोरगा चौदा वर्षांचा. बायकांचा निवारा वेगळा, पुरुषांचा वेगळा, आणि आई आणि तिचा मुलगा एकत्र राहतील असा जवळपास एकही नाही. आता सांगा, ह्या बाईने जायचं कुठं?

१९८५ च्या सुमारास स्पार्क संस्थेने भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांना बरोबर घेऊन तिथल्या कुटुंबांची मोजणी केली होती, तेव्हाही हेच दिसलं होतं की ही माणसं कष्टाची कामं करतात आणि कामाच्या जागेपर्यंत चालत जाता यावं म्हणून तिथं राहतात. आणि १९८५ मध्येच सुप्रीम कोर्टाचा तो गाजलेला निकाल आला, ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका. १९८१ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुल्यांनी फुटपाथवाल्यांना उचलून गावी धाडायचं ठरवलं होतं, त्याच्या विरोधातली ही केस. सरन्यायाधीश होते आपले यशवंत चंद्रचूड. निकालात म्हटलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, आणि माणसाला फुटपाथवरून हटवलं की त्याचं पोट तुटतं. पण हटवायचा पालिकेचा अधिकार मात्र कोर्टाने कायम ठेवला, फक्त आधी नोटीस द्या म्हटलं. चाळीस वर्षं झाली, निकालाची पहिली बाजू कॉलेजात शिकवतात आणि दुसरी रस्त्यावर वापरतात.

बरं, निवारा ही रात्रीची सोय झाली, पुढे काय? माणूस निवाऱ्यातून घरात जाणार कसा? आपल्याकडे परवडणारं घर म्हटलं की दोन गोष्टी येतात, एक म्हाडाची लॉटरी आणि दुसरी एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना. लॉटरीला पैसे आणि कर्ज मिळण्याची ऐपत लागते. एसआरएत फुकट घर मिळायला तुमची झोपडी १ जानेवारी २००० च्या आधीची पाहिजे, त्यानंतरची २०११ पर्यंतची असेल तर अडीच लाख भरायचे, पण त्यासाठी मुळात झोपडी पाहिजे ना. ज्याची झोपडीच नाही, नुसती ताडपत्री आहे, तो कुठल्याच यादीत बसत नाही. राहिली भाड्याची खोली, तर मानखुर्द गोवंडीच्या गल्लीतसुद्धा डिपॉझिट एकरकमी मागतात, आणि रोज कमावून रोज खाणाऱ्याकडे एकरकमी काहीच नसतं. म्हणजे आपण मालकीचं घर सोडून दुसरा फारसा विचारच केलेला नाही.

हे शहर असं नव्हतं हो. १८९६ ला प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे बीआयटी, निघाला, त्याने बीआयटी चाळी बांधल्या, कामगाराला भाड्याने खोली. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब कितीतरी वर्षं राहिलं. ट्रस्टने जेवढं पाडलं तेवढं बांधलं नाही, हेही खरंय, गरिबांचे हाल झालेच तेव्हा. पण भाड्याची खोली बांधणं हे शहराचं काम आहे एवढं तरी त्यांनी मानलं होतं, १९३३ ला ट्रस्ट पालिकेत विलीन झाला तेव्हा ह्या चाळी पालिकेकडे आल्या, आणि पुढे हळूहळू आपण सामान्य माणसाला भाड्याच्या खोल्या बांधून देणं जवळजवळ विसरूनच गेलो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. पालिकेच्या बजेटमध्ये बेघरांसाठी स्वतःच्या पैशाचं वेगळं खातं पाहिजे, दिल्लीचा चेक आला नाही तरी चालू राहील असं. निवारे वॉर्डावॉर्डात पाहिजेत, दादरच्या माणसाला दादरमध्ये, मस्जिद बंदरच्या हमालाला तिथंच, आणि त्यात कुटुंबांचे वेगळे. आणि पालिकेच्या जमिनीवर जो बिल्डर येतो त्याच्याकडून काही खोल्या भाड्यासाठी घ्या, डिपॉझिट नको, भाडं आठवड्याला, विकायची परवानगी नाही. बजेट दरवर्षी साधारण फेब्रुवारीत येतं, त्याच्या आधी तुमच्या नगरसेवकाला गाठा आणि विचारा, आपल्या वॉर्डात निवारा किती माणसांचा आहे आणि त्यासाठी ह्या वर्षी किती पैसे ठेवलेत. निवारा येतोय म्हणून सोसायटीत सह्यांचा कागद फिरला तर सही करायच्या आधी मीटिंगमध्ये उभं राहून बोला, तुमच्या गल्लीत पहाटे भाजी उतरवणारा आणि रात्री एटीएमच्या बाहेर बसणारा माणूस झोपतो कुठं ते विचारा.

आणि जाता जाता एक महत्त्वाचं. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली, बृहन्मुंबईचा आकडा आला सत्तावन्न हजारांच्या आसपास, संस्था तो फार कमी आहे असं सांगतात, आणि त्यात नवल नाही, गोदामाच्या मागे, पुलाच्या कठड्यावर झोपलेला माणूस अनोळखी माणसाला कसा सापडणार. आता पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे. तुमच्या भागात कोण कुठं झोपतं हे तुम्हाला, तुमच्या वॉचमनला, नाक्यावरच्या चहावाल्याला माहीत असतं. आधीच वॉर्ड ऑफिसला लिहून द्या, आणि मोजणीवाले आले की त्यांच्याबरोबर खाली उतरा, जागा दाखवा. पुढची दहा वर्षं पैसे त्या रात्रीच्या आकड्यावरच मागायचे आहेत. येते, नमस्कार.