गोल्फच्या मैदानावर पडलेली तोफ

मघाशी माझ्या हातात एक चिठ्ठी आली. कुणीतरी विचारलंय, 'जिथे हजारो माणसं मेली, तिथे मजेत भटकायला जाववतं कसं?' प्रश्न रास्त आहे. पण आधी तुम्हाला त्या बेटावर फिरवून आणतो.

फिलिपिन्समधलं कोरेगिडोर हे मनिलाच्या उपसागराच्या तोंडाशी आहे. नकाशात ते बेडकाच्या पिल्लासारखं दिसतं. पश्चिमेला फुगीर डोकं, पूर्वेला निमुळती शेपटी, लांबी साधारण साडेसहा किलोमीटर. डोक्यावरचं पठार म्हणजे टॉपसाइड. ते पायीच फिरा. पोटऱ्या बोलतील, पण गाडीतून उतरून फोटो काढत गेलात तर बेट हाती लागत नाही. तिथे तीन मजली बराकींचा सांगाडा उभा आहे. नाव 'माइल-लाँग', प्रत्यक्षात लांबी अर्धा किलोमीटरही नाही. फौजी बढाई, दुसरं काय! शेजारी सिनेमागृह होतं, बेटावर विजेवरची ट्राम धावत होती, आणि गोल्फचं मैदान होतं. हे मैदान ध्यानात ठेवा.

दुसऱ्या महायुद्धाआधी फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात होतं आणि हे बेट म्हणजे त्यांचा किल्ला. अमेरिकनांचा सगळा हिशेब समुद्राचा होता. शत्रू जहाजांतून येणार, म्हणून बहुतेक मोठ्या तोफा तिकडे तोंड करून बसवलेल्या. जपान्यांचा मारा मात्र जमिनीवरून आला. ९ एप्रिल १९४२ ला उत्तरेचं बाताआन द्वीपकल्प पडलं आणि तिथल्या डोंगरांतून बेटावर मारा सुरू झाला. डोंगराआडच्या तोफखान्यावर सपाट जाणारे गोळे काय कामाचे? उपयोग झाला तो गोळा उंच फेकणाऱ्या उखळी तोफांचा. त्यांतल्या 'बॅटरी गिअरी' या तोफांच्या ठाण्याच्या दारूकोठारावर २ मे रोजी गोळा पडला. स्फोट असा, की कित्येक टनांची एक तोफ उडून थेट गोल्फच्या मैदानावर जाऊन पडली. चारच दिवसांनी, ६ मे रोजी, अमेरिकन सेनापती जनरल वेनराइट यांनी शरणागती पत्करली.

मालिंटा बोगदा आणखी वेगळा. १९२२ ते १९३२ या काळात खोदलेला मुख्य बोगदा सुमारे २५० मीटर लांब, त्याला दोन्ही बाजूंनी फाटे. आत हजार खाटांचं रुग्णालय होतं. ३० डिसेंबर १९४१ ला मॅन्युएल केझॉन यांनी दुसऱ्यांदा फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती याच बोगद्याच्या तोंडाशी. मी आत क्षणभर टॉर्च विझवला. डोळे उघडे की मिटलेले, कळेना.

१६ फेब्रुवारी १९४५. आता बेट जपान्यांच्या ताब्यात, आणि चूक पुन्हा तीच! हल्ला समुद्रातून येईल अशी तयारी. अमेरिकन उतरले आकाशातून, छत्र्या बांधून. एवढ्याशा पठारावर उतरायला दोनच मोकळ्या जागा होत्या, परेडचं मैदान आणि आपलं गोल्फचं. वाऱ्याने काही जण कड्यांवर जाऊन आदळले. सुमारे दोन आठवडे लढाई चालली. बेटावरच्या हजारो जपान्यांतले मोजकेच जगले.

तर, चिठ्ठीवाल्या मित्रा, तिथली पोरंही युद्धाआधी संध्याकाळी सिनेमालाच जात होती. त्या सिनेमागृहाच्या आता भिंतीच उरल्यात. सावली त्यातल्या त्यात तिथेच होती, म्हणून मी डबा तिथेच उघडला. जेवण चांगलं लागलं, हे लपवत नाही. हात पुसून उठलो आणि मैदानाकडे चालू लागलो.