विद्यापीठ आणि परीक्षेचं खातं

श्रोतेहो, नमस्कार.

पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या कुणालाही विचारा, विद्यापीठाशी तुझा संबंध कधी आला? उत्तर ठरलेलं असतं: परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल. नशीब रुसलं तर एटीकेटी. शिकायचं कॉलेजात; विद्यापीठ म्हणजे लांब कुठेतरी असलेलं परीक्षेचं खातं. मुलांना यात दोष देता येणार नाही. आपल्याकडच्या विद्यापीठांचा पायाच तसा घातला गेला.

१८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. कॉलेजं संलग्न करायची, परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या, एवढंच त्यांचं काम. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. १८६२ साली झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. शिकवलं एल्फिन्स्टन कॉलेजनं, शिक्कामोर्तब केलं विद्यापीठानं. विद्यापीठानं स्वतः शिकवावं, अशी तरतूद १९०४ च्या कायद्यानं केली. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू व्हायला तर १९१९ साल उजाडलं. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडीस. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनेत रमलेले, आणि स्वतः परीक्षा देऊन एकही पदवी न मिळवलेले! आजच्या नियमांत त्यांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता.

आता विभाग आहेत, ग्रंथालयं आहेत, पण आपली सवय जुनीच राहिली. अभ्यासक्रमाचंच घ्या. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो. मागच्या प्रश्नपत्रिका सगळे उतरवून घेतात; हा कागद मात्र फारच थोडे उघडतात. तो उघडा. चार क्रेडिटचा लेखी विषय असेल, तर एका क्रेडिटला पंधरा तास या हिशेबानं वर्गातले साठ तास त्याच्या वाट्याला येतात. बहुतेक अभ्यासक्रमांत हे तास घटकवार वाटून दिलेले असतात. कुठल्या घटकाला किती वजन आहे, हे तिथे कळतं. गाइडमध्ये सगळेच घटक सारखे जाड दिसतात. शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते. त्यातलं एक पुस्तक ग्रंथालयातून काढा, एकच प्रकरण वाचा आणि मग गाइडमधली तीच पानं वाचून पाहा. माझ्या मते सत्राच्या पहिल्या आठवड्यात याहून उपयोगाचं दुसरं काम नाही.

दुसरी गोष्ट उत्तरपत्रिकेची. तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात मोडते आणि ती पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली दिला. छायाप्रत मागवायची सोय विद्यापीठंही देतात. निकालानंतर थोडे दिवस मुदत असते, शुल्क भरावं लागतं. पण मागवतो कोण? नापास झालेला, तोही पुनर्मूल्यांकनाच्या आशेनं. मी म्हणेन, पास झालेल्यानंही एकदा मागवावी. दीड पान लिहिलेल्या प्रस्तावनेला काहीच मिळालेलं नसतं आणि घाईघाईत काढलेल्या आकृतीवर दोन गुण पडलेले असतात. कधी पुरवणीचं पान तपासायचंच राहून गेलेलं असतं, आणि मग भांडायला जागा असते. परीक्षकाचा पेन कुठे थांबला आणि कुठून पुढे पळाला, हे गुणपत्रिकेवरच्या आकड्यावरून कधीच कळत नाही.

विद्यापीठाच्या आवारात शिकणाऱ्यांना, किंवा तिथपर्यंत जाऊ शकणाऱ्यांना, आणखी एक सुचवतो. पीएच.डी.ची शेवटची मौखिक परीक्षा खुली असते. विभागाच्या फलकावर सूचना लागते. मागच्या बाकावर जाऊन बसा. विषय आपला नसला तरी चालेल. बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, 'हीच पद्धत का निवडलीत?' चारपाच वर्षं त्याच विषयात बुडालेला माणूस क्षणभर अडखळतो, मग सावरून सांगू लागतो. कधी समोरच्याचं म्हणणं मान्य करतो, कधी नम्रपणे पण ठामपणे नाकारतो. हे असं अडखळणं आणि सावरणं कुठल्याही गाइडमध्ये छापलेलं नसतं. आणि त्याला हॉल तिकीट लागत नाही.

नमस्कार.