रिकाम्या बरणीचं वजन

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी या दोन बाटल्या काट्यावर ठेवतो. दोन्हींत एक-एक लिटर पाणी मावतं. ही जाड, कडक प्लॅस्टिकची, खास डोंगरात वापरण्यासाठी म्हणून मिळणारी. काटा 178 ग्रॅम दाखवतोय. आणि ही दुसरी, जिच्यातलं पाणी संपलं की आपण ती कचऱ्यात टाकतो. हिचे भरले 32 ग्रॅम. मागे बसलेल्यांना आकडा दिसत नसेल म्हणून पुन्हा सांगतो, 178 आणि 32.

दोन बाटल्या घेऊन चालणारा माणूस फक्त बाटली बदलून पाठीवरचं जवळपास 300 ग्रॅम ओझं उतरवतो, आणि तेही एक पैसा खर्च न करता. आजचं माझं बोलणं एवढ्यावरच आहे. घरातून रोज बाहेर जाणाऱ्या डब्याबाटल्यांमध्ये कुणीतरी आधीच भरपूर डोकं घातलेलं असतं. कमीत कमी माल वापरून न गळणारं, न फुटणारं भांडं कसं बनवायचं, हा कारखान्याचा रोजचा प्रश्न असतो, कारण प्रत्येक ग्रॅमचा खर्च लाखो नगांनी गुणला जातो. सॅक पाठीला लावून चालणाऱ्याचा प्रश्नही नेमका तोच. त्यामुळे आपल्याला नवं काही शोधायचं नाहीये. समोरची वस्तू कशाची बनली आहे, तिला काय सोसतं आणि काय सोसत नाही, एवढं ओळखता आलं पाहिजे.

हे मी हौस म्हणून सांगत नाही. ओझं जड होतं म्हणून डोंगर सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. गुडघा बोलायला लागतो, मग चढ नकोसा होतो, मग 'आता आपलं वय झालं' असं म्हणून सॅक माळ्यावर जाते. 1955 साली एमा गेटवूड या 67 वर्षांच्या बाई अमेरिकेतली अ‍ॅपलेचियन ट्रेल ही पायवाट एकट्या, एकाच हंगामात चालून गेल्या. अंतर साधारण 3,300 किलोमीटर. अकरा मुलांची आई. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. जाड सुती कापडाची, स्वतः शिवलेली एक पिशवी खांद्याला, आणि पाऊस आला की डोक्यावर घ्यायला न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. हलक्या सामानाचं शास्त्र वगैरे काही नव्हतं तेव्हा. बाईंनी घरात नजर फिरवली आणि लागेल तेवढंच उचललं.

आता बाटलीकडे परत येऊ. ही बाटली ज्या प्लॅस्टिकची आहे त्याला पेट म्हणतात. बुडाशी त्रिकोणात 1 आकडा दिसेल. नॅथॅनिएल वायथ या अभियंत्याला 1973 साली या बाटलीचं पेटंट मिळालं. फसफसणाऱ्या पेयाचा दाब सोसेल अशी प्लॅस्टिकची बाटली त्यांना करायची होती. म्हणून तुमच्या हातात निवड असेल तेव्हा साध्या पाण्याची चुरचुरणारी बाटली सोडा आणि सोड्याची उचला. तिचं बूड हाताला लावून बघा, पाच पायांसारखे उंचवटे आहेत. आतला दाब पेलण्यासाठी ते तसे केलेले असतात. वजन दोन-चार ग्रॅमच जास्त, पण खडकावर आपटली तरी हिला सहसा काही होत नाही. झाकणाच्या आट्यांचं माप बहुतेक ठिकाणी 28 मिलिमीटर असतं, आणि चालणाऱ्यांमध्ये लोकप्रिय असलेले दाबून वापरायचे बरेचसे पाण्याचे फिल्टर या आट्यांवर थेट बसतात. म्हणजे वाटेत बाटली हरवली तरी कुठेही दुसरी मिळते.

हिची मर्यादा उष्णता. साधारण 70 अंशांच्या पुढे पेट मऊ पडायला लागतं. उकळतं पाणी ओतलं तर बाटली डोळ्यांदेखत आक्रसते, वाकडी होते. थंडीच्या रात्री गरम पाण्याची बाटली पायाशी घेऊन झोपायची सवय असेल, तर त्या कामाला ही चालणार नाही. तिथे ती 178 ग्रॅमची जाड बाटलीच न्यावी. तिला नावं ठेवायला मी उभा नाही. तिचं काम वेगळं आहे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, कारण ती अनेकांना माहीत नसते. रंग नसलेली, स्वच्छ, चरे न पडलेली पेटची बाटली पाणी निर्जंतुक करायलाही वापरता येते. पाणी भरायचं, बाटली आडवी करून कडक उन्हात सहा तास ठेवायची. आभाळ पूर्ण भरलेलं असेल तर लागोपाठ दोन दिवस. उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकमधून आत जातात आणि जंतू निकामी करतात. स्वित्झर्लंडच्या ईवाग या जलसंशोधन संस्थेनं ही पद्धत विकसित केली आणि अनेक देशांत ती वापरली जाते. बाटली दोन लिटरपेक्षा मोठी नको, आणि पाणी गढूळ नको. भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी करा आणि तोंडातून खाली बघा. अक्षरं वाचता आली तर पाणी पुरेसं नितळ आहे. रसायनं यानं जात नाहीत, हे लक्षात असू द्या. रोजच्या चालीत सहा तास थांबायला सवड नसते, तिथे उकळणं बरं: खळखळून एक मिनिट, आणि 2,000 मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. 3,000 मीटरवर ते साधारण 90 अंशांनाच उकळी धरतं, म्हणून वेळ वाढवायचा.

उकळायचं कशात? हा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा झाकणाचा डबा बघा. स्वयंपाकघरातला, कडी निघालेला, म्हणून अडगळीत पडलेला. टायटॅनियमच्या भांड्यांचं कौतुक तुम्ही ऐकलं असेल. टायटॅनियम मजबूत आहे, पण त्याची घनता 4.5, अ‍ॅल्युमिनियमची 2.7. शिवाय अ‍ॅल्युमिनियम त्याच्या दसपट उष्णता वाहून नेतं. टायटॅनियमच्या भांड्यात ज्योतीच्या वर अन्न करपतं आणि कडेला कच्चं राहतं, ते यामुळेच. पाणी तापवण्यापुरतं फारसा फरक पडत नाही, पण काही शिजवायचं असेल तर हा जुना डबा कुठेच कमी पडत नाही. मी याला दोन भोकं पाडून सायकलच्या स्पोकची कडी बसवली आहे. झाकणाच्या मुठीचा स्क्रू काढून तिथे तारेचा एक वेढा टाकला. झाकण महत्त्वाचं आहे, त्याशिवाय इंधन वाया जातं.

पेयांच्या कॅनमध्ये पाणी उकळणारे लोक आहेत. कॅन रिकामा 15 ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणून मोह होतो. मी करत नाही. त्याला आतून प्लॅस्टिकसारखा लेप असतो. पाणी आहे तिथे पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही, पण ज्योत कडेनं वर चढली की पाण्याच्या वरचा भाग कोरडा तापतो आणि लेप जळतो. आणि जस्ताचा मुलामा दिलेलं भांडं तर विस्तवावर कधीच ठेवू नका. त्याचा धूर बाधतो.

चुलीसाठी मात्र छोटी डबी उत्तम. माशांची किंवा मांजराच्या खाण्याची येते ना, उथळ, रुंद तोंडाची, तशी. ही एक मी सोबत आणली आहे. स्वच्छ धुवायची, धार असेल तर कड पॉलिश पेपरनं घासायची. मग कागदाला भोकं पाडायचा साधा पंच घ्यायचा आणि कडेच्या लगेच खाली सगळीकडून भोकांची एक ओळ पाडायची. तिच्या खाली दुसरी ओळ, वरच्या दोन भोकांच्या मधोमध खालचं एक भोक येईल अशी. अ‍ॅल्युमिनियमची डबी असेल तर पंच सहज चालतो, लोखंडी पत्र्याला हात दुखतात. झालं. आत स्पिरिट ओतायचं, पेटवायचं, अर्धा-एक मिनिट तसंच तापू द्यायचं आणि मग भांडं थेट डबीवर ठेवायचं. भांड्यानं वरचं तोंड बंद झालं की वाफ बाजूच्या भोकांतून बाहेर पडते आणि प्रत्येक भोकाशी एक छोटी ज्योत धरते. अर्धा लिटर पाण्याला, वारा अडवलेला असेल तर, 15 ते 20 मिलिलिटर स्पिरिट पुरतं. डबीचं वजन माझ्या काट्यावर 7 ग्रॅम.

आता या 7 ग्रॅमच्या वस्तूबद्दल मला गंभीरपणे बोलायचं आहे. स्पिरिटची ज्योत भर उन्हात दिसत नाही. चूल विझली असं समजून कुणी वरून आणखी स्पिरिट ओततं, आणि धार पेट घेऊन बाटलीपर्यंत येते. पूर्ण गार झाल्याची खात्री केल्याशिवाय पुन्हा भरायचं नाही. तंबूच्या आत पेटवायची नाही. कपडा पेटण्याचा धोका आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वासही नसतो. स्पिरिटमध्ये मिथेनॉल असेल तर ते विष आहे. वणव्याच्या मोसमात अनेक जंगलांत अशा उघड्या चुलींना बंदी असते, ती पाळलीच पाहिजे. आणि एक हिशोब: अल्कोहोलमधून वजनाच्या मानानं गॅसपेक्षा बरीच कमी उष्णता मिळते. दोन-तीन दिवसांच्या चालीत डबी जिंकते. आठवड्याची चाल असेल तर इंधनाच्या ओझ्यात हा फायदा बुडतो, तेव्हा गॅसच न्यावा.

इंधन ठेवायच्या बाटलीचा आकार पाण्याच्या बाटलीपेक्षा वेगळा हवा. अंधारात, दमलेल्या हाताला, डोळे मिटूनही फरक कळला पाहिजे. मी चौकोनी बाटली वापरतो आणि गळ्याला खरखरीत चिकटपट्टीचे दोन वेढे देतो. औषधांचंही तसंच. डोळ्यांत घालायच्या थेंबांची रिकामी बाटली द्रव साबणाला छान, लेन्सच्या डबीच्या दोन कप्प्यांत दोन मलमं मावतात. पण मूळ वेष्टण सोडून बाहेर काढलेल्या प्रत्येक गोळीवर नाव आणि मात्रा लिहिलेली असलीच पाहिजे. तुम्ही शुद्धीवर नसाल तेव्हा ती डबी दुसराच कुणीतरी उघडणार आहे.

रुंद तोंडाच्या बरणीबद्दल मी एकदा स्वतः धडा घेतला. चूल न नेता नुसत्या पाण्यात कोरडं अन्न भिजवून खायचं, म्हणून एक आटे असलेली पारदर्शक बरणी नेली होती. घरी अनेक महिने वापरलेली, कधी गळली नव्हती. रात्री पारा शून्याच्या खाली गेला. पहाटे बरणी हातातून निसटून गुडघ्याच्या उंचीवरून खडकावर पडली आणि बुडाशी गोल तडकली. त्या दिवशीचं जेवण गेलं आणि कोरड्या मोज्यांची पिशवी तेलकट पाण्यानं भिजली. त्या थंडीत कोरडे मोजे गेले हे जास्त लागलं. नंतर बूड पाहिलं तर आकडा 5, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हे प्लॅस्टिक उष्णतेला चांगलं, उकळतं पाणी सहज सोसतं, पण शून्याच्या आसपास ठिसूळ होत जातं. आकडा 2 असलेलं, दुधी रंगाचं, जरा मेणचट लागणारं प्लॅस्टिक थंडीत चिवट राहतं. त्या दिवसापासून मी बरणी उचलली की आधी उलटी करून बूड वाचतो. ऊबदार ऋतूत 5, हिवाळ्यात 2.

आकड्यानं एक गोष्ट मात्र कळत नाही: आधी आत काय होतं. फिनाइल, कीटकनाशक, डिटर्जंट, तेलरंग यांच्या बाटल्या कितीही धुतल्या तरी खाण्यापिण्याला घ्यायच्या नाहीत. त्यांचं जाड प्लॅस्टिक कापून माती उकरायचं हलकं खुरपं होतं, तेवढंच काम त्यांना द्यावं. खाद्यपदार्थाच्या बरणीलाही वास राहतो. लोणचट वास गेला नाही तर ती खिळे, दोरी, सुईदोऱ्याला ठेवा.

घरून निघण्याआधी प्रत्येक बाटली भरून, झाकण घट्ट लावून, रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवा. सकाळी कागदावर ओल दिसली तर झाकणाखाली पातळ पिशवीचा तुकडा घालून पुन्हा लावा, तोच तुकडा वॉशरचं काम करतो. तरी गळली तर ती घरीच ठेवा. उंचावर जाणार असाल तर मलम-साबणाच्या बाटल्यांतली हवा थोडी दाबून काढून टाका. 3,000 मीटरवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो, आणि खाली घट्ट बंद केलेली बाटली वर उघडली की आतलं बाहेर येतं.

आणि हे सगळं करताना एक हिशोब डोळ्यासमोर असू द्या. बाटली बदलून दीडशे ग्रॅम वाचले, आणि भीतीपोटी अर्धा लिटर पाणी जास्त उचललं, की पाचशे ग्रॅम वाढले. पुढचा झरा कुठे आहे हे नकाशात नीट पाहिलं तर त्या अर्ध्या लिटरची गरज पडत नाही. पण झरा आटलेला असू शकतो अशा दिवसांत तो अर्धा लिटर नक्की घ्या. तिथे वजन बघायचं नाही.

माझं बोलणं झालं. काटा टेबलावरच आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरून बरण्या आणल्या आहेत असं दिसतंय. एकेक जण पुढे या. आधी बूड बघू, मग वजन करू.